तुटलेला पीपीओ रन पुन्हा जोडताना: स्टेबल बेसलाइन्स ३ मध्ये नेमके काय काय जपावे लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टेबल बेसलाइन्स ३ (रीइन्फोर्समेंट लर्निंगची पायथॉन लायब्ररी) मधला पीपीओ हा अल्गोरिदम मुजोको या भौतिकी सिम्युलेटरमधल्या हाफचीतावर, म्हणजे धावायला शिकणाऱ्या आभासी चीतावर, चालू होता. आठ समांतर एन्व्हायर्नमेंट, १० लाख स्टेप्सचे उद्दिष्ट. सहा लाखांच्या आसपास सेशन तुटले. जपून ठेवलेली झिप फाइल लोड करून ‘लर्न’ पुन्हा चालवले, तर हजारांत गेलेला रिवॉर्ड (एजंटला मिळणारे गुण) शेकड्यांत आला आणि टेन्सरबोर्डचा (प्रगतीचे आलेख दाखवणारे साधन) ग्राफ शून्यापासून सुरू झाला. झिप खराब झाली आहे का?

नाही. झिप खराब असती तर उघडलीच नसती. तिच्यात एजंट (शिकणारा प्रोग्राम) आहे, पण रन नाही, आणि सगळा घोळ तिथे आहे. रनची अवस्था चार-पाच ठिकाणी विखुरलेली असते. त्यातली कोणती डिस्कवर उतरणार हे रन तुटल्यावर ठरवता येत नाही, ते कॉन्फिगरेशन लिहितानाच ठरलेले असते. (पुढे पॅरामीटरची नावे देवनागरीत अवतरणचिन्हांत दिली आहेत. कोडमध्ये लिहिताना शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर घाला.)

आधी झिपमध्ये काय असते ते बघू. पॉलिसी (कृती निवडणारे) आणि व्हॅल्यू (पुढच्या रिवॉर्डचा अंदाज करणारे) नेटवर्कचे वेट्स असतात, ऑप्टिमायझरची अवस्था असते, बहुतेक हायपरपॅरामीटर असतात, आतापर्यंत किती स्टेप्स झाल्या तो आकडा असतो आणि लायब्ररीच्या आवृत्त्यांची नोंद असते. ऑप्टिमायझरची अवस्था ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. स्वतःच्या हाताने फक्त पॉलिसीची ‘स्टेट डिक्ट’ जपणाऱ्यांकडून नेमकी तीच सुटते. मग अॅडमचे दोन्ही मोमेंट शून्यावर येतात आणि पहिल्याच अपडेटला प्रत्येक वेट जवळजवळ पूर्ण लर्निंग रेटइतका सरकतो, ग्रेडियंट लहान असला तरी. ‘सेव्ह’ वापरत असाल तर ही चिंता नाही.

झिपमध्ये नसलेल्या गोष्टी अशा: ‘व्हेकनॉर्मलाइझ’ची (आकडे एका पट्टीत आणणारे आवरण) आकडेवारी, रिप्ले बफर (जुन्या अनुभवांचा साठा), रँडम जनरेटरची अवस्था, अर्धवट राहिलेले एपिसोड, आणि तुमच्या स्वतःच्या एन्व्हायर्नमेंटच्या पोटातले काउंटर, म्हणजे कठीणपणाची पातळी वगैरे.

पहिला संशयित व्हेकनॉर्मलाइझ

रिवॉर्ड एकदम कोसळला आणि लायब्ररीने कुठलीच तक्रार केली नाही, तर दहापैकी नऊ वेळा चोर इथेच सापडतो. हाफचीताचे ऑब्झर्व्हेशन (एजंटला दिसणारी अवस्था) १७ आकड्यांचे असते: आठ स्थिती आणि नऊ वेग. धावताना वेगांचे आकडे स्थितींपेक्षा कितीतरी मोठे होतात. व्हेकनॉर्मलाइझ प्रत्येक आकड्याची चालती सरासरी आणि व्हेरियन्स ठेवून तो साधारण एका पट्टीत आणतो आणि उणे १० ते १० मध्ये कापतो. तुमच्या पॉलिसीने सहा लाख स्टेप्स फक्त हे पट्टीत आणलेले आकडेच पाहिले आहेत. नवीन स्क्रिप्टमध्ये तुम्ही नवा व्हेकनॉर्मलाइझ गुंडाळलात की सरासरी शून्य, व्हेरियन्स एक. पॉलिसीच्या दृष्टीने तो प्राणीच वेगळा.

रिवॉर्डचेही तसेच. व्हेकनॉर्मलाइझ रिवॉर्डला डिस्काउंट केलेल्या परताव्याच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागतो. तो आकडा नव्याने सुरू झाला की रिवॉर्डची पट्टी बदलते, व्हॅल्यू नेटवर्कचे अंदाज चुकतात, त्यातून अॅडव्हांटेज (कृती अपेक्षेपेक्षा किती बरी ठरली त्याचे माप) चुकतात आणि पहिल्या काही अपडेटमध्येच चांगली पॉलिसी विस्कटते. म्हणजे आधी चुकीचे ऑब्झर्व्हेशन, मग त्यावर चुकीचे शिक्षण. ‘थोडा वेळ चालू दे, सावरेल’ असे म्हणून थांबू नका. सावरतो तो बहुधा नव्याने शिकलेला एजंट असतो.

उपाय सोपा आहे. झिपबरोबर प्रत्येक वेळी व्हेकनॉर्मलाइझची पिकल फाइलही जपा. पुन्हा सुरू करताना कच्चे व्हेक्टर एन्व्हायर्नमेंट बनवा, त्यावर ‘व्हेकनॉर्मलाइझ लोड’ लावा आणि मग ते एन्व्हायर्नमेंट मॉडेलच्या ‘लोड’ला द्या. लोड केल्यावर ‘ट्रेनिंग’ आणि ‘नॉर्म रिवॉर्ड’ हे दोन्ही झेंडे (चालू-बंद मूल्ये) छापून बघा. फाइल मूल्यमापनाच्या एन्व्हायर्नमेंटमधून जपलेली असेल तर दोन्ही ‘फॉल्स’ असू शकतात. मग आकडेवारी गोठलेली राहते, रिवॉर्ड कच्चा येतो, आणि कुठेही एरर दिसत नाही.

याच जागी आणखी एक बारीक चूक होते. व्हेकनॉर्मलाइझचा स्वतःचा ‘गॅमा’ (पुढच्या रिवॉर्डला किती वजन द्यायचे तो आकडा) असतो, डिफॉल्ट ०.९९. पीपीओमध्ये तुम्ही ०.९८ ठेवलात आणि इथे विसरलात, तर दोघे वेगवेगळ्या हिशेबाने चालतात. दोन्ही आकडे कॉन्फिग फाइलमधल्या एकाच ओळीतून घ्या.

स्टेप्सचा काउंटर आणि लर्निंग रेट

ग्राफ शून्यापासून सुरू झाला कारण ‘लर्न’मधला ‘रीसेट नम टाइमस्टेप्स’ डिफॉल्टने ‘ट्रू’ असतो. तो ‘फॉल्स’ करा, असे सगळीकडे लिहिलेले सापडते. पण तेवढ्याने काम होत नाही, कारण त्याच क्षणी ‘टोटल टाइमस्टेप्स’चा अर्थ बदलतो. ‘फॉल्स’ असताना तो आकडा एकूण राहत नाही, आणखी किती हा अर्थ होतो. आत झालेल्या स्टेप्स त्यात मिळवल्या जातात.

लर्निंग रेट स्थिर असेल तर फक्त रन लांबेल. रेषीय उतरता असेल तर मात्र हिशेब बघा. सुरुवात ०.०००३, उद्दिष्ट १० लाख, सहा लाखांवर तुटला. त्या क्षणी उरलेला भाग ०.४, म्हणजे रेट ०.०००१२.

आता ‘रीसेट’ ‘ट्रू’ ठेवून १० लाख दिलेत, तर रेट परत ०.०००३. ‘फॉल्स’ ठेवून १० लाख दिलेत, तर एकूण १६ लाख, उरलेला भाग ०.६२५, रेट ०.०००१८७५. ‘फॉल्स’ ठेवून चार लाख दिलेत, तरच रेट ०.०००१२ वरून पुढे उतरतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘आणखी किती’ हा आकडा कधी हाताने लिहू नका. उद्दिष्ट कॉन्फिगमध्ये ठेवा, लोड केलेल्या मॉडेलचा ‘नम टाइमस्टेप्स’ त्यातून वजा करा आणि ती वजाबाकी ‘लर्न’ला द्या. क्लिप रेंज (एका अपडेटमध्ये पॉलिसी किती बदलू द्यायची ती मर्यादा) रेषीय ठेवली असेल तर तिलाही हेच लागू.

यातूनच दुसरा सापळा निघतो. बरेच जण लूप लावून दर वेळी एक-एक लाख स्टेप्सचे ‘लर्न’ चालवतात आणि मध्ये मध्ये जपतात. रेषीय रेटबरोबर हे केले तर पहिल्या फेरीत रेट पूर्णपासून शून्यावर उतरतो, दुसऱ्या फेरीत अर्ध्यापासून शून्यावर, तिसऱ्या फेरीत एक-तृतीयांशापासून शून्यावर. करवतीच्या दातांसारखा आलेख मिळतो आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी शिक्षण जवळजवळ थांबलेले असते. लूप हवाच असेल तर रेट स्थिर ठेवा. नाहीतर एकच ‘लर्न’ आणि जपण्याचे काम कॉलबॅककडे, म्हणजे ट्रेनिंगच्या मध्ये आपोआप बोलावल्या जाणाऱ्या कोडकडे.

उद्दिष्टच वाढवायचे असेल, म्हणजे १० लाख पूर्ण झाले आणि आणखी पाच लाख हवेत, तर रेषीय वेळापत्रक ताणू नका. शून्याला टेकलेला रेट एकदम एक-तृतीयांशावर उडतो. तिथे ०.००००३ सारखा लहान स्थिर रेट लावून पुढे जाणे बरे.

लोड करताना आकडे बदलायचे तर

लोड झाल्यावर ‘मॉडेल डॉट लर्निंग रेट’ला नवा आकडा देणे हा नैसर्गिक वाटणारा मार्ग आहे, आणि तो काहीच करत नाही. कारण लोड होतानाच त्या आकड्यापासून ‘एलआर शेड्यूल’ नावाचे फंक्शन बनलेले असते आणि अपडेटच्या वेळी तेच विचारले जाते. क्लिप रेंजच्या बाबतीत निदान एरर तरी येतो: फंक्शनच्या जागी साधा आकडा ठेवलात की ‘फ्लोटला कॉल करता येत नाही’ असे ऐकू येते. दोन्ही ठिकाणी योग्य रीत एकच. नवा आकडा ‘लोड’ला तिथल्या तिथे पॅरामीटर म्हणून द्या, म्हणजे शेड्यूल त्यावरूनच बनेल. रोलआउटची (एका अपडेटआधी गोळा केलेल्या स्टेप्सची) लांबी, ‘एपॉक’ (त्या स्टेप्सवरून किती वेळा शिकायचे) आणि बॅचचा आकारही असेच बदलता येतात. नेटवर्कचा आकार बदलता येत नाही; वेगळे ‘पॉलिसी क्वार्ग्ज’ दिलेत तर लोडच थांबते, आणि ते योग्यच आहे.

आठ एन्व्हायर्नमेंटच्या जागी दुसऱ्या मशीनवर चारच परवडत असतील तर पीपीओची हरकत नसते. पण रोलआउट निम्मा होतो. २,०४८ गुणिले ८ म्हणजे १६,३८४ स्टेप्सच्या जागी ८,१९२. ‘एन स्टेप्स’ ४,०९६ करून गुणाकार तोच ठेवा.

गुणाकार निघालाच आहे तर बॅचचेही बघा. डिफॉल्ट बॅच ६४ आणि १० एपॉक हे आकडे एका एन्व्हायर्नमेंटच्या २,०४८ स्टेप्सना शोभतात. आठ एन्व्हायर्नमेंट लावून तेच ठेवले तर दर रोलआउटमागे २५६ मिनीबॅच गुणिले १०, म्हणजे २,५६० ग्रेडियंट स्टेप्स होतात. बॅच ५१२ केली तर ३२०. दोन्ही चालू शकतात, पण कोणते चालले आहे हे माहीत असावे. आणि एवढ्या लहान नेटवर्कला जीपीयू लावू नका. साध्या एमएलपी पॉलिसीचा पीपीओ सीपीयूवरच बहुधा लवकर संपतो. कोलॅबवर जीपीयू घेऊन कोटा उगाच जळतो.

कधी जपायचे

‘चेकपॉइंटकॉलबॅक’चा ‘सेव्ह फ्रेक’ हा आकडा स्टेप्सचा नसून कॉलबॅक किती वेळा बोलावला गेला त्याचा आहे. आठ एन्व्हायर्नमेंट असतील तर एका बोलावण्यात आठ स्टेप्स होतात. एक लाख लिहिलेत तर चेकपॉइंट आठ लाखांवर पडतो, आणि सहा लाखांवर तुटलेल्या रनमध्ये हाती काहीच लागत नाही. हवा असलेला आकडा एन्व्हायर्नमेंटच्या संख्येने भागून द्या. त्याच कॉलबॅकमध्ये ‘सेव्ह व्हेकनॉर्मलाइझ’ आणि ‘सेव्ह रिप्ले बफर’ असे दोन झेंडे आहेत, दोन्ही डिफॉल्टने बंद. पहिला पीपीओसाठीही चालू करा.

पीपीओमध्ये चेकपॉइंट रोलआउटच्या मधोमध पडला तर तोपर्यंत गोळा झालेला अर्धा रोलआउट वाया जातो, पण काउंटरमध्ये तो धरलेला असतो. नुकसान मोठे नाही, जास्तीत जास्त १६ हजार स्टेप्सचे. तरी सेव्हचा आकडा २,०४८ च्या पटीत ठेवला तर जुळेल असे वाटते; तेही पूर्ण खरे नाही. कॉलबॅक रोलआउटच्या शेवटच्या स्टेपला बोलावला जातो आणि अपडेट त्यानंतर होते. म्हणजे त्या चेकपॉइंटमधले वेट्स अपडेटच्या आधीचे असतात आणि ताजा रोलआउट पूर्णच वाया जातो. स्वच्छ कापणी हवी असेल तर स्वतःचा छोटा कॉलबॅक लिहून ‘ऑन रोलआउट स्टार्ट’मध्ये जपा. तिथे मागचे अपडेट संपलेले असते, पुढचा रोलआउट सुरू झालेला नसतो, आणि काउंटर, वेट्स, आकडेवारी तिन्ही एकाच क्षणाची असतात. दर पाचव्या रोलआउटला म्हणजे ८१,९२० स्टेप्सना एक चेकपॉइंट पुरेसा होतो.

फाइल लिहिता लिहिता लाइट गेली तर अर्धी झिप राहते आणि जुनी त्याच नावाची असेल तर तीही गेली. म्हणून प्रत्येक चेकपॉइंटला वेगळा फोल्डर: आधी तात्पुरत्या नावाने, सगळ्या फाइली लिहून झाल्यावर नाव बदलून अंतिम. एकाच डिस्कवर नाव बदलणे एका फटक्यात होते, त्यामुळे अंतिम नाव दिसले की फोल्डर पूर्ण आहे असे धरता येते. कोलॅबमधून गुगल ड्राइव्हवर लिहिताना मात्र ही हमी नाही. तिथे फाइल दिसली म्हणजे ती वर पोहोचली असे होत नाही, म्हणून शेवटचे दोन-तीन चेकपॉइंट ठेवा. सर्वात ताजा निवडताना नावांची अक्षरानुसार क्रमवारी लावू नका. तशी लावली तर ९०,००० हे १०,००,००० च्या नंतर येते. आकडा वेगळा काढून तुलना करा.

स्लर्मसारख्या, क्लस्टरवर कामे वाटणाऱ्या व्यवस्थेत वेळ संपत आली की प्रक्रियेला सिग्नल येतो. पायथॉनमध्ये ‘ट्राय-फायनली’ कंट्रोल-सीला पुरते, पण ‘सिगटर्म’ या प्रक्रिया संपवण्याच्या सिग्नलला नाही, तो आला की प्रोग्राम ‘फायनली’ न गाठताच संपतो. सिग्नल हँडलरमध्ये फक्त एक झेंडा उभा करा आणि कॉलबॅकच्या ‘ऑन स्टेप’ने तो पाहून ‘फॉल्स’ परत द्यावा. ‘लर्न’ शिस्तीत बाहेर येते, मग पुढच्या ओळीत जपा. हँडलरमध्येच ‘सेव्ह’ करू नका, तेव्हा अपडेट अर्ध्यात असू शकते.

नोंदी आणि ‘सर्वोत्तम’ मॉडेल

‘इव्हॅलकॉलबॅक’ नव्या प्रक्रियेत आपला सर्वोत्तम रिवॉर्ड उणे अनंतापासून सुरू करतो. त्यामुळे पुन्हा सुरू केल्यावर पहिलेच मूल्यमापन, कितीही सुमार असले तरी, ‘सर्वोत्तम’ ठरते आणि जुन्या बेस्ट मॉडेलवर लिहिले जाते. मूल्यमापनांची एनपीझेड फाइलही रिकाम्या यादीपासून नव्याने लिहिली जाते. दोन मार्ग आहेत: दर पुनरारंभाला नवा फोल्डर द्या, किंवा जुना सर्वोत्तम आकडा फाइलमधून वाचून कॉलबॅकच्या ‘बेस्ट मीन रिवॉर्ड’मध्ये भरा. आणि बेस्ट मॉडेलबरोबर व्हेकनॉर्मलाइझची आकडेवारी आपोआप जपली जात नाही. त्यासाठी ‘कॉलबॅक ऑन न्यू बेस्ट’मध्ये वेगळे सांगावे लागते. महिन्याभराने बेस्ट मॉडेल दाखवायला घेतल्यावर ते लडखडते, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

‘मॉनिटर’ची सीएसव्ही डिफॉल्टने पुसून नव्याने सुरू होते. ‘ओव्हरराइड एक्झिस्टिंग’ ‘फॉल्स’ करा. टेन्सरबोर्डमध्ये ‘रीसेट’ ‘फॉल्स’ असताना त्या नावाच्या सर्वात शेवटच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये नोंद चालू राहते. मधल्या काळात त्याच नावाने दुसरा प्रयोग चालवला असेल तर नोंदी त्याच्यात मिसळतात. म्हणून रनच्या नावात सीड (रँडम जनरेटरची सुरुवात ठरवणारा आकडा) आणि तारीख घाला, ‘पीपीओ’ एवढेच ठेवू नका.

सीडबद्दल

सीड दिलेला असेल तर लोड करताना तो पुन्हा लावला जातो, एन्व्हायर्नमेंटलाही. रँडम जनरेटर जिथे होता तिथून पुढे जात नाही, परत पहिल्या आकड्यावर येतो. एकदा तुटलेल्या रनमध्ये याने काही बिघडत नाही. पण दर दोन-तीन तासांनी तुटणाऱ्या सेशनमध्ये एजंटला सुरुवातीच्या त्याच त्या अवस्था पुन्हा पुन्हा दिसतात. पुनरारंभाचा क्रमांक सीडमध्ये मिळवून ‘लोड’ला द्या आणि तो क्रमांक कॉन्फिगमध्ये नोंदवा. न तुटलेल्या रनशी बिट-बिट जुळणारा पुनरारंभ इथे मिळत नाही. त्याच्या मागे लागू नका. आलेखाचा कल जुळला की पुरे.

एसएसी आणि डीक्यूएन वापरत असाल तर

हे दोन्ही ऑफ-पॉलिसी, म्हणजे जुन्या अनुभवांवरूनही शिकणारे अल्गोरिदम आहेत. ऑफ-पॉलिसीत रिप्ले बफर हा अर्धा रन आहे आणि तो झिपमध्ये नसतो. ‘सेव्ह रिप्ले बफर’ वेगळे बोलवावे लागते. न जपता पुढे गेलात तर घडते ते असे: काउंटर सहा लाखांवर, ‘लर्निंग स्टार्ट्स’ १००, म्हणजे वाट बघण्याचा काळ केव्हाच संपलेला. पहिल्या काही ट्रान्झिशनवरच (एकेका स्टेपच्या नोंदींवर) २५६ च्या बॅच काढून ट्रेनिंग सुरू होते. त्याच मोजक्या नोंदी शेकडो वेळा घोटल्या जातात आणि क्यू-मूल्ये भरकटतात. बफर खरोखर गेलाच असेल, तर ‘लर्निंग स्टार्ट्स’ला सध्याचा काउंटर अधिक दहा-वीस हजार असा आकडा द्या. मात्र त्या काळात एजंट पूर्ण रँडम कृती करतो, आणि धावायला शिकलेल्या पॉलिसीला पडलेल्या चीताचा डेटा फारसा कामाचा नसतो. त्यापेक्षा लोड केलेल्या पॉलिसीने स्वतः कृती काढून बफर भरणारा दहा ओळींचा लूप लिहिणे चांगले.

जागेचा अंदाज: हाफचीतात एका ट्रान्झिशनला १७ आकडे गुणिले ८ बाइट, दोनदा, म्हणजे २७२, कृतीचे २४, रिवॉर्ड आणि झेंड्यांचे १२. एकूण ३०८ बाइट. १० लाखांच्या बफरला सुमारे ३०८ एमबी. बफर अर्धा रिकामा असला तरी फाइल पूर्ण आकाराचीच लिहिली जाते, कारण जागा आधीच राखलेली असते. २० चेकपॉइंट ठेवले तर सहा जीबी गेले. अटारीसारख्या चित्रांना ८४ गुणिले ८४ गुणिले ४, दोनदा, म्हणजे १० लाखांना ५६ जीबी. तिथे बफर लहान ठेवणे किंवा मेमरी वाचवणारा पर्याय लावणे भाग आहे. वेट्स वारंवार जपा, बफर क्वचित, आणि बफरच्या शेवटच्या दोन प्रतीच ठेवा.

बफरचा आकार एन्व्हायर्नमेंटच्या संख्येनुसार घडलेला असतो. पीपीओसारखी इथे आठाची चार करण्याची सवलत नाही. संख्या तीच ठेवा. एसएसीचा स्वयंचलित एन्ट्रॉपी गुणांक आणि त्याचा ऑप्टिमायझर झिपमध्ये असतात, तिकडे बघावे लागत नाही. डीक्यूएनमध्ये ‘रीसेट’ ‘ट्रू’ राहिला तर एप्सिलॉन (रँडम कृतीची शक्यता) परत १.० वर जातो आणि नव्या उद्दिष्टाच्या पहिल्या दहा टक्क्यांत पुन्हा ०.०५ वर उतरतो. शिकलेला एजंट तेवढा काळ आंधळी कोशिंबीर खेळतो.

जोडणी बरोबर झाली हे कसे ओळखायचे

‘ईपी र्‍यू मीन’ (ep_rew_mean) या आकड्यावर विसंबू नका. तो शेवटच्या १०० एपिसोडांची सरासरी दाखवतो आणि ‘रीसेट’ ‘फॉल्स’ असताना ती १०० एपिसोडांची रांग झिपमधून परत येते. हाफचीताचा एपिसोड १,००० स्टेप्सचा, म्हणजे १०० एपिसोड ही एक लाख स्टेप्स, सहा रोलआउट. एजंट पहिल्या रोलआउटलाच कोसळला असला तरी हा आकडा हळूहळू घसरताना दिसतो आणि ‘ट्रेनिंगमध्ये काहीतरी बिघडते आहे’ असा गैरसमज होतो.

खरी चाचणी दोन मिनिटांची आहे. जपताना एक कच्चे ऑब्झर्व्हेशन आणि त्यावर नॉर्मलाइझ करून काढलेली डिटर्मिनिस्टिक कृती त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा. लोड झाल्यावर तेच कच्चे ऑब्झर्व्हेशन नव्या साखळीतून घाला. कृतीचे सहाही आकडे दशांशापर्यंत जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर दोष आकडेवारीत किंवा वेट्समध्ये. ‘लर्न’ चालवूच नका. जुळले, पण पहिल्या अपडेटनंतर ‘एक्सप्लेन्ड व्हेरियन्स’ (व्हॅल्यू नेटवर्कचे अंदाज किती जुळतात त्याचे माप) शून्याच्या खाली गेला, तर रिवॉर्डची पट्टी बदलली आहे. तो ठीक असून ‘क्लिप फ्रॅक्शन’ आणि ‘अॅप्रॉक्स केएल’ (अपडेटमध्ये पॉलिसी किती बदलली त्याची मापे) एकदम उडाले, तर लर्निंग रेट तपासा. या क्रमाने गेलात तर अंदाजपंचे करावे लागत नाही.

आवृत्त्यांचे थोडे. उतरता रेट लॅम्डा म्हणून लिहिला असेल तर तो झिपमध्ये क्लाउडपिकलने जातो आणि पायथॉनची आवृत्ती बदलली की बऱ्याचदा उघडत नाही. मग ‘कस्टम ऑब्जेक्ट्स’मधून ‘लर्निंग रेट’, ‘एलआर शेड्यूल’ आणि ‘क्लिप रेंज’ नव्याने द्या. नमपाय २ वर जपलेल्या पिकल फाइली नमपाय १ वर उघडताना ‘नमपाय अंडरस्कोर कोअर सापडत नाही’ असे येऊ शकते. एन्व्हायर्नमेंटची आवृत्तीही लिहून ठेवा. अँट या मुजोकोतल्याच दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये व्ही४ चे २७ आकडे व्ही५ मध्ये डिफॉल्टने १०५ होतात, म्हणून लगेच एरर मिळतो. हाफचीतात दोन्हीकडे १७च, त्यामुळे अदलाबदल झाली तरी कोणी टोकत नाही.

आता तुमच्या रनचे. व्हेकनॉर्मलाइझची फाइल कुठल्याही चेकपॉइंटजवळ सापडली तर ती सहा लाखांपेक्षा जुनी असली तरी लावून कृतींची वरची चाचणी नाही, तर दहा एपिसोडांचे मूल्यमापन करून बघा. आकडेवारी काही लाख स्टेप्सनंतर सावकाश सरकते, त्यामुळे थोडी जुनी फाइलही बऱ्याचदा चालून जाते. फाइल नसेलच, तर लोड केलेल्या पॉलिसीला चालवून आकडेवारी गोळा करण्याचा मोह टाळा. ती पॉलिसी कच्च्या आकड्यांवर नीट धावत नाही, म्हणून गोळा होते ती अडखळणाऱ्या चीताची आकडेवारी, आणि ती जुन्याशी जुळत नाही. सहा लाख स्टेप्सचा पीपीओ साध्या लॅपटॉपच्या सीपीयूवर तासाभरात होतो. नव्याने सुरू करा, आणि मोठा रन लावण्याआधी ५० हजार स्टेप्सवर मुद्दाम प्रक्रिया मारून, लोड करून, सहा आकडे जुळतात का ते बघा.